मंगळवार अखेर

शके सतराशे चाळीसच्या वैशाखात, सोमवारी सकाळी, खिरणगडाच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा गडावर टाक्यांचं पाणी तळाला गेलं होतं, दारूखान्यात तोफांना चार दिवस पुरेल एवढीच दारू उरली होती, आणि पायथ्याच्या आंबराईत टोपीकरांच्या पलटणीचे पांढरे तंबू ओळीने उभे होते. पुण्याला परकं निशाण चढून सहा महिने होत आले होते. सह्याद्रीच्या रांगेतले एकेक गड पिकल्या फणसासारखे खाली येत होते. काही लढून, काही फितुरीने, आणि बरेचसे नुसत्या भीतीने. तरीही त्या सकाळी खिरणगडाच्या बालेकिल्ल्यावरचा तास, म्हणजे काशाची टांगती थाळी, रोजच्या ठेक्यात वाजला, कारण केसोभट जोशी हा गृहस्थ आभाळ कोसळलं तरी घटका चुकवणाऱ्यांतला नव्हता.

केसोभट गडाचा घटीवाला. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी चढून वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे आजची चोवीस मिनिटं, झाली, की तासावर टोला द्यायचा. अशा साठ वाट्या बुडाल्या की एक दिवस भरला. सूर्याची कड दिसली की मोजणी सुरू, दुसऱ्या दिवशी कड दिसली की संपली. बापानेही हेच केलं, आजानेही. गडाचे दरवाजे, पहारे, पूजा, नगारा, सगळं या वाटीवर चालायचं, आणि त्याचा भटजींना भारी अभिमान होता. तो अभिमान नसता तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मी आजही म्हणतो. पण माणसाला आपल्या हातच्या कामाचा अभिमान नसावा, असंही कुणी म्हणावं कसं?

सदरेवरून बोलावणं आलं. किल्लेदार जानराव खडके लोडाला न टेकता बसले होते. शेजारी त्यांचे धाकटे बंधू रायाजी, तिशीचा देखणा गडी, आणि पडद्याआड रायाजींची पत्नी सगुणाबाई. समोर चौरंगावर आदल्या सांजेला छावणीतून आलेला कौल पडला होता. कौल म्हणजे अभयाचा कागद. इंग्रज कप्तानाच्या दुभाष्याने तो शुद्ध मराठीत उतरवला होता.

"वाचा, भटजी. मोठ्याने वाचा," जानराव म्हणाले.

केसोभटाने वाचलं. गड खाली करून द्यावा. शिबंदीने हत्यारांनिशी, बायकामुलांच्या अब्रूनिशी निघून जावे, कोणी आडवा येणार नाही. जबाब मंगळवार अखेर छावणीत पोचावा. तोवर खडके घराण्यातील एक असामी ओलीस द्यावी. जबाब मुदतीत न आल्यास ओलिसास फाशी होईल.

गडावर शिबंदी, बायका, म्हातारी, लेकरं धरून साडेतीनशे जीव होते. गेल्या महिन्यात कौल नाकारलेल्या एका गडावर पलटण शिरली तेव्हा तिथल्या बायकांचं काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"आम्ही भिकू जासुदाला सावळगडास धाडला आहे," जानराव म्हणाले. "तिथून पाचशे बंदूक कुमकेस आली तर हा वेढा एका रात्रीत उधळून लावू. भिकू मंगळवारी रात्री परतेल. रात्री म्हणजे कधी, ते त्याच्या पायांना ठाऊक. आमचा सवाल एवढाच, की आम्हाला वाट पाहायला सवड किती? मंगळवार अखेर म्हणजे नेमकं कधी?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. केसोभट ताठ झाला. साऱ्या आयुष्यात त्याला सदरेवर असा सवाल कुणी केला नव्हता.

"सरकार, वार सूर्योदयाला लागतो आणि सूर्योदयाला सुटतो. बुधवारचा सूर्य उगवेपर्यंत मंगळवारच. मंगळवारी दिवस मावळल्यावरही आपल्या हाती बक्कळ अठ्ठावीस घटका उरतात."

"शाबास!" जानरावांच्या तोंडावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "म्हणजे सबंध रात्र आपली."

पडद्याआडून सगुणाबाईंचा आवाज आला. "भटजी, एक विचारू? त्या लोकांचाही मंगळवार असाच असतो ना?"

केसोभटाला हसू आवरेना. "बाईसाहेब, सूर्य काय दोन आहेत? त्यांना एक आणि आपल्याला एक?"

सदरही हसली. हसली खरी! पुढे त्या हसण्याचा आवाज केसोभटाच्या कानातून गेला नाही, आणि बाईंना आपण वेड्यात काढलं याची लाज त्याला मरेपर्यंत वाटत राहिली.

ओलीस कोण, हा प्रश्न उरलाच नव्हता. रायाजी उठले, त्यांनी थोरल्या बंधूंच्या पायांवर डोकं ठेवलं. "दादासाहेब, किल्लेदार ओलीस गेला तर गड कुणी राखायचा? आम्ही जातो. दोन दिवस टोपीकराचा पाहुणचार तरी चाखू." जाता जाता घटीच्या ओसरीपाशी थबकून ते म्हणाले, "भटजीकाका, तुमच्या त्या टोल्यांनी लहानपणापासून आमची एक झोप पुरी होऊ दिली नाही. आता दोन रात्री निवांत झोपतो."

"धाकटे सरकार, तास छावणीतही ऐकू येतो," केसोभट म्हणाला. त्याने या माणसाला मांडीवर बसवून धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. पोटचं पोर नव्हतं, म्हणून जी माया उरली होती ती सगळी तिथे गेली होती. रायाजी दरवाजातून उतरले तेव्हा त्याचे डोळे भरून आले, पण काळजी अशी वाटली नाही. हिशोब पक्का होता ना!

मंगळवार उजाडला, तापला, मावळला. बुरुजांवरचे लोक सावळगडाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. जानरावांनी एकदा विचार बोलून दाखवला, की भिकूची वाट न पाहता सांजेलाच जबाब धाडावा काय? तेव्हाही केसोभटच म्हणाला, की सरकार, अजून अठ्ठावीस घटका आहेत, उगाच हातचा गड का घालवायचा? जानराव थांबले. एक वाटी बुडाली, दुसरी बुडाली. दर टोल्याला खाली छावणीत एक माणूस तो ऐकत असेल, असं केसोभटाला वाटायचं आणि बरं वाटायचं.

भिकू आला तेव्हा सूर्योदयाला सहा घटका उरल्या होत्या. पायांची सालटं निघालेली, ओठ फुटलेले. त्याने मुजराही केला नाही, मटकन खाली बसला. "सरकार, सावळगड सोमवारीच दिला त्यांनी. निशाण उतरलेलं म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आडातच नाही, तिथे पोहऱ्यात कुठून येणार? जानराव क्षणभर भिंतीला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी मान खाली घालून जबाब सांगितला, केसोभटानेच तो लिहिला: कौल मान्य, गड खाली करून देतो. वर शिक्का उमटला. "भटजी, तुम्हीच जा. मुदत तुम्ही सांगितली आहे, तुम्हीच पोचती करा."

घटीपाशी पहाऱ्यावरच्या बापू शेलाराला बसवून केसोभट दिंडी दरवाजाने उतरला. साठीकडे झुकलेला, धोतराचा काचा मारलेला तो भट अंधारात कातळाच्या पायऱ्या चाचपत, घसरत, मनाशी घटका मोजत चालला होता. वर तासाचा टोला पडला, त्याची मोजणी बरोबर निघाली. आंबराईत पोचला तेव्हा पूर्वेला तांबडं फुटायचं होतं. दोन घटका हाताशी होत्या. गड गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा आनंद होता, आणि तो आनंद मनात आल्याबद्दल तो देवाची माफी मागत होता. रायाजी सुटणार होते.

पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला कप्तानाच्या तंबूपुढे नेलं. तिथे एका जुन्या आंब्याच्या फांदीला दोर बांधलेला होता. खाली हात मागे बांधलेले रायाजी उभे होते.

"हे काय? हे काय चाललंय?" केसोभट ओरडला. "जबाब आणला आहे मी! मुदतीत आणला आहे!"

दुभाषी पुढे आला. अंताजीपंत त्याचं नाव, गुहागराकडचा ब्राह्मण. त्याने कागद घेतला, कप्तानाला वाचून दाखवला. कप्तान तरुण होता, तांबूस चेहऱ्याचा, रात्रभर न झोपलेला. त्याने खिशातून सोन्याची डबी काढली, झाकण उघडून केसोभटापुढे धरली. आत काळे काटे फिरत होते.

"साहेब म्हणतात," अंताजीपंत खालच्या आवाजात म्हणाला, "मंगळवार मध्यरात्री बारा वाजता संपला. त्याला पाच तास होऊन गेले. फाशी पहाटे द्यायची असा रिवाज, म्हणून ओलीस अजून उभा आहे. आज बुधवार आहे."

"मध्यरात्री?" केसोभटाला शब्दच कळला नाही. "मध्यरात्री वार कसा संपेल? मध्यरात्री काय होतं? ना सूर्य उगवत, ना मावळत!"

"त्यांच्याकडे तसंच आहे, भटजी."

"आणि तुम्ही? तुम्ही पंचांग मानणारे ना? कौल तुम्ही लिहिलात. मंगळवार अखेर लिहिताना तुम्हाला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे त्याचा अर्थ काय?"

अंताजीपंताने हातातल्या जबाबाची घडी घातली. मग म्हणाला, "साहेबांनी जो शब्द उच्चारला तो मी उतरवला. पाच वर्षं यांच्या छावणीत आहे, भटजी. हे माझ्या ध्यानातच आलं नाही." केसोभटाला त्याचा राग यायला हवा होता, पण ही चूक अगदी आपल्यासारखीच आहे हे त्याला कळलं.

मग त्या भित्र्या, घटीपलीकडे काही न पाहिलेल्या माणसाने जे केलं ते सांगितलंच पाहिजे. तो दोराखाली जाऊन उभा राहिला. "चूक माझी आहे. मुदत मी सांगितली. साहेबाला म्हणावं, मला लटकव. ही मान घे आणि पोराला सोड." दोन शिपायांनी त्याला बाजूला ओढला. तो परत गेला. पुन्हा ओढला.

कप्तान तुटकपणे काही बोलला. अंताजीपंताने सांगितलं, "हुकमात खडके घराण्याची असामी आहे. साहेब म्हणतात, या रांगेत अजून सात गड आहेत. इथे पाच तासांची सूट दिली तर ते सातही जण आपापला सूर्य दाखवतील."

"पण सूर्य उगवला नाही! डोळे उघडून बघ म्हणावं! हा मंगळवार आहे! मंगळवारी ओलिसाला मारणं म्हणजे शब्द मोडणं! दगाबाजी आहे ही!"

हे शब्द उतरवले जाताच कप्तानाचा चेहरा लाल झाला. त्याने गडाचा जबाब आणि कौल, दोन्ही कागद एकत्र धरले आणि फाडण्यासाठी मुठी वळवल्या. अंताजीपंत घाईघाईने म्हणाला, "भटजी, गप्प बसा! साहेब म्हणतात, गडवाले मला शब्द मोडणारा म्हणत असतील तर कौलच रद्द. तोफा लावतो आणि पलटण सोडतो. जबाब उशिरा आला हे तुम्ही लिहून द्याल तर ओलिसाचं कलम तेवढं अमलात येईल, बाकी कौल कायम. साडेतीनशे माणसं सुखरूप उतरतील."

इतका वेळ रायाजी बोलले नव्हते. आता बोलले, आणि सदरेवर बोलावं तसे बोलले.

"अंताजीपंत, साहेबांना अर्ज करा. विलंबाचा दंड कौलात एकच लिहिला आहे, तो आम्ही. तो त्यांनी घ्यावा. दंड वसूल झाल्यावर गडावरच्या एका केसालाही धक्का लागू नये. हे मान्य असेल तर आमचे भटजी लिहून देतील."

कप्तानाने ऐकलं. त्याने रायाजींकडे पाहिलं, मान हलवली आणि कागद खाली केले.

"मी नाही लिहिणार," केसोभट म्हणाला.

"भटजीकाका."

"नाही! आज मंगळवार आहे. मी उभ्या जन्मात खोटी घटका सांगितली नाही, खोटा वार कसा लिहू? आणि तोही यासाठी?"

"वर वहिनीसाहेब आहेत, सगुणा आहे, शेलाराच्या तीन मुली आहेत. तोफा सुरू झाल्या तर त्यांना कुठला वार वाचवील?" रायाजी आता दोराकडे बघत होते. "काका, मला धीर फार नाही. जेवढा आहे तेवढ्यात उरकून टाका. बुधवार लिहा."

कुणीतरी पुढ्यात बोरू ठेवला, कागद ठेवला. केसोभटाने वर पाहिलं. पूर्वेला आभाळ राखाडी होतं, डोंगराची कड काळी होती, सूर्याचा पत्ता नव्हता. लवकर उगवला असता तरी काय होणार होतं! त्याने बोरू उचलला. पहिला शब्द दोनदा गिरवावा लागला. गडाचा जबाब मुदतीनंतर, बुधवारी पोचला. खाली स्वतःचं नाव. जे अक्षर त्याने रायाजींना शिकवलं होतं, त्याच अक्षरात.

रायाजींनी डोळ्यांवर फडकं बांधू दिलं नाही. "जानरावदादांना मुजरा सांगा," एवढंच म्हणाले. केसोभट जमिनीवर बसून होता. त्याने डोळे मिटले नाहीत, कारण पोराला एकटं वाटू नये. ते फार लवकर आटोपलं नाही, आणि त्याबद्दल मी यापुढे लिहीत नाही.

त्यानंतर थोड्याच वेळाने वर बालेकिल्ल्यावरून तास घणघणला. बापू शेलार वार सुटल्याचे टोले देत होता. छावणीतल्या कुणीही मान वर केली नाही. आंबराईच्या शेंड्यांवर ऊन आलं आणि बुधवार लागला.

कप्तानाने शब्द पाळला, हे नमूद करायला हवं. त्या दुपारी खिरणगड खाली झाला. शिबंदी कमरेच्या तलवारींनिशी उतरली, बायकांच्या मेण्यांना कुणी हात लावला नाही. जानराव आंब्याखालून चालत गेले तेव्हा त्यांनी पगडी काढून हातात घेतली आणि पुन्हा कधी डोक्यावर ठेवली नाही. शिबंदी पांगली, कुणी नांगर धरला, कुणी त्याच पलटणीत शिपाई झाला. पोट कुणाला चुकलं आहे?

तेराव्याला सगुणाबाईंनी केसोभटाला बोलावून घेतलं. तो दाराबाहेरच उभा राहिला, उंबरा ओलांडायची हिंमत होईना.

"भटजी, एवढंच सांगा. आमचे कुठल्या वारी गेले?"

"मंगळवारी, बाईसाहेब," तो म्हणाला. "देवाशपथ मंगळवारी."

"छावणीतल्या कागदावर तर बुधवार आहे म्हणतात."

"आहे."

"कुणी लिहिला?"

"मी लिहिला."

बाईंनी त्याला एकही कठोर शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं, असं तो पुढे म्हणायचा. त्या अंगणाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मग मी दोन्ही वार उपास धरीन." आणि त्यांनी जन्मभर धरला. मंगळवारी धरायच्या, बुधवारी सोडायच्या नाहीत, गुरुवारी सकाळी सूर्य पाहून घास घ्यायच्या. खडक्यांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक थोरल्या सुनेने तो वसा घेतला, आणि पुढे पुढे कशासाठी ते विचारायचंही बंद झालं.

केसोभट त्याच पावसाळ्यात गेला. तापाचं निमित्त झालं. शेवटी शेवटी तो उशाशी बसलेल्याला सारखा विचारायचा, उजाडलं का, आणि उजाडलं म्हटलं तर त्याचा विश्वास बसायचा नाही.

टोपीकर राहिला. त्याचं राज्य बसलं, त्याच्या कचेऱ्या, त्याचे कायदे, त्याचे तास बसले. खिरणगडाच्या दरवाजात निवडुंग माजला. एकशे एकोणतीस वर्षांनी तो जायला निघाला. त्या गुरुवारच्या रात्री पायथ्याच्या गावात चावडीपुढे गॅसबत्ती लावून सारा गाव जमला होता. बारा वाजता मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, हात वर केला आणि झेंडा चढला. माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणीतरी धावत खडक्यांच्या घरी गेलं आणि ओसरीवर पडलेल्या थोरल्या सुनेला, ऐंशीच्या चंद्राकाकूंना, हलवून उठवलं. तीन दिवसांच्या उपासाने त्या गळून गेल्या होत्या. आदल्या रात्रीपासून आभाळ भरलेलं, सकाळी सूर्य दिसला नव्हता म्हणून गुरुवारीही त्यांनी घास घेतला नव्हता.

"काकू, उठा! स्वराज्य आलं! शुक्रवार लागला!"

काकूंनी अंगणातल्या काळोखाकडे पाहिलं.

"अजून उजाडलं न्हाई की रं. शुक्रवार कसा लागंल?"

"बारा वाजले, काकू. इंग्रज गेला!"

"गेला व्हय? मग त्याचा वार कशापायी ठिवून घेतलासा?"

ते पोर चावडीकडे परत गेलं, आणि तिथे लोक पेढे वाटत होते.